बॅटरीचं पाणी, चांदीची तार

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या, की रिसोडच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं यंत्र सुरू होतं. यंत्र कसलं, भिंतीला ठोकलेला स्टीलचा डबाच तो. आत पाणी उकळतं, वाफ काचेच्या नळीत शिरते, नळीभोवती गार पाणी फिरत राहतं आणि खालच्या कॅनमध्ये डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब पडतं. बाकीचे महिने त्याच्या डोक्यावर खडूची खोकी रचलेली असतात. माघात ती खाली उतरतात, धूळ पुसली जाते, आणि दिवसभर वर्गात शिकवताना मागे तो थेंबांचा आवाज ऐकू येत राहतो.

मी रसायनशास्त्र शिकवते. तो आवाज कानावर आला, की कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, असे ते दिवस. तुरी काढून झालेल्या असतात आणि त्यांचा बारीक भुसा अजून हवेत असतो, सायकलवर येताना डोळ्यांत जातो. हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात. पोरी बाकाखाली ओले हरभरे सोलत बसतात आणि त्यांच्या बोटांना आंबट वास येतो. हवा इतकी कोरडी, की ओठ फुटतात. नुकत्या धुतलेल्या काचनळ्या स्टँडवर ठेवेपर्यंत सुकतात.

बाबांनी घरी चांदीचं पाणी करायला घेतलं, ते याच दिवसांत.

बाबा अनसिंगला राहतात. एसटीच्या डेपोत बॅटरीच्या कामाला होते. गाड्यांच्या बॅटऱ्या उतरवायच्या, त्यांच्यात पाणी भरायचं, चार्जिंगला लावायच्या, यात त्यांची नोकरी गेली. ॲसिडनं त्यांच्या खाकी पँटींना भोकं पडायची आणि आई त्यांना आतून ठिगळं लावायची. मी लहान असताना बॅटरीचं पाणी म्हणजे बाबांच्या कामाचं पाणी, एवढंच मला माहीत होतं. ते प्यायचं नाही, त्यानं अंघोळ करायची नाही, सांडायचं नाही. त्यात काय असतं म्हणून विचारलं, तर बाबा म्हणायचे, "काहीच नसते. म्हणूनच तं ते महाग."

आई गेल्यावर ते घरात एकटेच राहिले. आईच्या टाचेला जखम झाली होती. साखरेचा आजार होताच. काटा रुतला असेल किंवा चप्पल लागली असेल, तिलाही आठवत नव्हतं. हळद झाली, मलम झालं, ओळखीच्या एकानं दिलेली पावडर झाली. अकोल्याच्या दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर दोन उन्हाळे गेले. बाबा त्याविषयी कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात फारसं बोलण्याची पद्धत नाही. मी गेले की ते चहा ठेवायचे, मी भाकरी करायची. एसटीचा हॉर्न ऐकू आला की गाडी वेळेवर आहे की नाही, ते सांगायचे.

अशाच एका रविवारी गेले, तर ओट्यावर काचेचा ग्लास होता. त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा, पुठ्ठ्यातून दोन चकचकीत तारा पाण्यात सोडलेल्या, आणि बाहेर नऊ व्होल्टचे तीन सेल एकमेकांना जोडलेले. जोडणी बाबांचीच होती, हे लगेच ओळखू आलं. टेप इतकी नीट दुसरं कोणी गुंडाळत नाही.

"हे काय?"

"चांदीचं पानी," बाबा म्हणाले. "मोबाइलवर पाह्यलं. जखमेले लावा, घशाले घ्या, जंतू मरतात म्हणे. जुन्या काळचे लोक चांदीच्या गिलासात पानी कायले पेत होते?"

"आणि ह्या तारा?"

"सोनाराकडून आनल्या. तुह्या मायच्या पायातल्या तोरड्या घेऊन गेलो होतो पयले. तो म्हने, याच्यात तांबं हाय, तुमच्या कामाले शुद्ध तार लागते. मंग नवीन घेतली."

तोरड्या कपाटात परत ठेवल्या होत्या.

ग्लासातलं पाणी दुधाळ होतं. पातळ ताकासारखं. तारेवरून पांढरे धागे सुटून खाली बसत होते आणि तार स्वतः काळी पडत चालली होती. बाबांना ते फार आवडलं होतं. "पाह्य, कशी चांदी सुटून राह्यली!"

"ती चांदी नाही, बाबा. म्हणजे चांदीच, पण मिठाला चिकटलेली. हे बोअरचं पाणी आहे ना? त्यात मीठ आहे, चुना आहे. चांदी सुटली की त्यातलं क्लोराइड तिला धरतं आणि पांढरा गाळ होतो. तुम्हाला हवं ते हे नाही."

बाबांनी ग्लास उचलून उजेडात धरला, बघितला आणि मोरीत ओतून दिला. वाद घातला नाही. बॅटरीत कोणी नळाचं पाणी टाकलं तर काय होतं, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. फक्त ते इथे लागू होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मग पाण्याचा शोध सुरू झाला. लग्नाकार्यात येतं ते जारचं थंड पाणी त्यांनी करून पाहिलं. गाळ कमी आला, पण आला. मग स्टँडजवळच्या दुकानातून बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणला. त्या पाण्यात तासन्‌तास काहीच होईना. कंटाळून त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं, तर डोळ्यांदेखत पुन्हा ताक. तेही ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी मीठ न टाकता तसंच ठेवलं, तर दुपारी पाणी किंचित पिवळं झालं. फोनवर मला सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. आईच्या आजारापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

"पिवळं झालं वं सुजाता! मोबाइलवर दाखवतात तसंच. गाळ नाही, काही नाही."

दुसरा कॅन त्याच दुकानातला, त्याच छापाचा. पण पाणी करडं झालं आणि तळाला काजळीसारखं काही बसलं. बाबा बेचैन झाले. तार तीच, सेल तेच, ग्लास तोच, हात तेच. मग बिघडलं कशानं?

पुढच्या आठवड्यात ते रिसोडला आले. एसटीतून उतरून थेट कॉलेजात, पिशवीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन. प्रत्येक बाटलीवर पट्टी: बोअर, जार, पहिला कॅन, दुसरा कॅन. परीक्षा दोन दिवसांवर आली होती. मी ब्युरेट तपासत होते. बाबा दारातच चपला काढायला लागले. म्हटलं, इथे चपला घालूनच यायचं असतं, काच असते खाली. तरी ते पाय झाडूनच आत आले.

मी चार परीक्षानळ्या मांडल्या. प्रत्येकीत एकेका बाटलीतलं पाणी ओतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन-दोन थेंब टाकले. बोअरचं पाणी दह्यासारखं फुटलं. जारचं धुरकट झालं. पहिला कॅन स्वच्छ राहिला. दुसऱ्या कॅनमध्ये अगदी फिकट धुकं आलं, काळा कागद मागे धरल्याशिवाय दिसणार नाही इतकं.

"हे एवढंच?" बाबांनी विचारलं.

"एवढंच पुरतं. कॅन धुताना नळाचं पाणी राहिलं असेल, किंवा भरताना काही गेलं असेल. डोळ्याला, जिभेला कळत नाही."

एका वर्षी आमच्या यंत्राची नळी तडकली होती आणि गार करायचं पाणी आतल्या पाण्यात झिरपत होतं, ते मी त्यांना सांगितलं. त्या परीक्षेत ज्याला त्याला ओळखायला दिलेल्या क्षारात क्लोराइड सापडलं. पोरं खूश होती, सगळ्यांचं उत्तर जुळत होतं म्हणून. बाबा हसले. मग परीक्षानळीकडे बघून म्हणाले, "हे थेंब टाकले तू, त्याच्यातबी चांदीच हाय का?"

"हो."

"म्हंजे चांदीनंच पानी पारखते तुमी."

थोडा वेळ ते यंत्राकडे बघत उभे राहिले. थेंब पडत होते. नंतर त्यांनी जे विचारलं, ते बारावीच्या कुठल्याच वर्गात मला कोणी विचारलेलं नाही. शुद्ध पाण्यातून करंट जात नाही, तर चांदी सुटते कशी?

जातो, पण नावाला, मी सांगितलं. म्हणून वेळ लागतो. चांदी अगदी सावकाश सुटते आणि तिचे कण बारीक राहतात. पाण्यात मीठ असलं की करंट वाढतो, काम भराभर होतं, पण हाती येतो तो गाळ.

"मंग घाई केली तेच चुकलं," बाबा म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे एक कॅन पाणी मागितलं. मला ते अपेक्षितच होतं. मी आधी दुसरं सांगून घेतलं. हे पाणी प्यायचं नाही. त्यानं कुठला आजार बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. चांदी अंगात साठून राहते, कातडी निळसर-राखाडी होते आणि एकदा झाली की जात नाही. जखम असेल तर डॉक्टर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाबा बुद्धविहारात दर पौर्णिमेला जातात. कुठलीही गोष्ट पारखल्याशिवाय मानू नये, हे तिथलं बोलणं त्यांना पाठ आहे. तेच त्यांनी मला ऐकवलं. "पारखूनच पाहून राह्यलो न मी."

"पाणी पारखताय तुम्ही. औषध नाही."

घोटभर घेत होते की नाही, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पुढे कधीतरी त्यांच्या नखांच्या मुळाशी मला राखी झाक दिसल्यासारखी वाटली. खरी होती की माझ्या मनाची, आजही सांगता येत नाही.

परीक्षा संपल्यावर कॅनमध्ये उरलेलं पाणी मी त्यांना दिलं. ते मोरीतच जाणार होतं. आणि माझा हिशेब साधा होता. नाही म्हटलं तर ते दुसऱ्या दुकानातलं पाणी आणतील. इथलं निदान मला माहीत होतं.

त्या पाण्याचं चांदीचं पाणी मी स्वतः पाहिलं. सकाळी तारा सोडल्या. चहा झाला, भाकरी झाली, अंगणातली उन्हं भिंतीवर चढली, तरी ग्लासात काही नाही. बाबा खुर्ची टाकून समोर बसले होते. दुपार कलताना पाण्यात तुरीच्या फुलाची झाक आल्यासारखी वाटली. त्यांनी यात्रेतल्या खेळण्यातल्या लेझरचा लाल लाइट आडवा मारला, तर ग्लासात आरपार एक सरळ रेघ उमटली. गाळाचा कण नाही. सुंदर दिसत होतं ते. त्याचा उपयोग काय हा प्रश्न बाजूला ठेवला, तर ते चोख काम होतं, आणि चोख कामाकडे बघताना माणसाचा चेहरा जसा होतो, तसा बाबांचा झाला होता.

"आता हे शांतीले नेतो," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं, हे सगळं कोणासाठी चाललं होतं.

शांताआत्या बाबांची धाकटी बहीण. कामरगावला तिचं घर, थोडी शेती, मुलगा-सून जवळ. आईसारखाच तिलाही साखरेचा आजार. तिच्या सुनेला, अर्चनावहिनीला, मी लगेच फोन लावला. अंगठ्याला जखम आहे, वहिनी म्हणाली. दिवाळीनंतर कधीतरी झाली. दवाखान्याचं नाव काढलं की रागावतात. "म्हणतात, अनसिंगच्या वहिनीले नेलं होतं न दवाखान्यात, काय झालं? आता म्हणतात, दादा औषध बनवून राह्यला, तेच लावीन."

म्हणजे आत्या त्या पाण्यासाठी थांबली होती.

मी बाबांना म्हटलं, मीपण येते. त्यांना बरं वाटलं. मास्तरीण सोबत असली की शांतीला विश्वास बसेल, असं म्हणाले. मला काय बोलायचं आहे, ते मी सांगितलं नाही. सकाळच्या एसटीनं आम्ही कारंज्याला गेलो आणि तिथून जीपनं. जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं होती. बाबांनी बाटली फडक्यात गुंडाळून मांडीवर धरली होती आणि खड्डा आला की तिच्यावर दुसरा हात ठेवत होते. बाहेर गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडत होत्या. मी मनात वाक्यं जुळवत होते. तिला काय सांगायचं, बाबांचं मन कसं राखायचं, आणि राखता नाही आलं तर काय. वर्गात मी सहज बोलते. त्या जीपमध्ये एकही वाक्य धड होत नव्हतं.

आत्या ओसरीत बाजेवर बसली होती. पाय लुगड्याखाली. आम्हाला बघून तिनं जयभीम घातला आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. बाबांनी बाटली बाजेच्या पायाशी ठेवली.

"आनलं का रे दादा?"

"आनलं. पाय दाखव."

तिनं लुगडं सरकवलं आणि अंगठ्यावरचं फडकं सोडलं. बाबा खाली उकिडवे बसले आणि जवळ वाकले. मी उभी होते, तिथपर्यंत वास आला. गोडसर, कुबट, एकदा ओळखीचा झाला की विसरता न येणारा. बाबा वाकलेलेच राहिले. मला वाटलं, जखम बघताहेत. मग दिसलं, त्यांचे डोळे मिटलेले होते.

ते उठले. बाटलीला हातही लावला नाही.

"अर्चना, चहा नको ठेवू. हिचं लुगडं घे एक पिशवीत." मग माझ्याकडे वळले. "सुजाता, जीपवाल्याले थांबव. गेला नसन तो अजून."

"अरे पन औषध?" आत्या म्हणाली. "लाव न. तेवढ्यासाठी तं थांबली मी."

"नाही लावत."

"काहून? बिघडलं का?"

"उठ शांते."

"मी नाही येत दवाखान्यात. वहिनीले..."

"शांते, उठ!"

बाबा कधी ओरडत नाहीत. माझ्या आठवणीत त्यांचा तसा तो एकच आवाज. शेजारची बाई दारात आली. आत्या घाबरून उठली, आणि तिला चालता येत नव्हतं म्हणून बाबांनी तिला आधार देऊन जीपपर्यंत नेलं. मी जुळवलेलं एकही वाक्य लागलं नाही.

कारंज्याच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर अमरावतीला पाठवलं. अंगठा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला. आणखी काही दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. मी कॉरिडॉरमध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते, कारण त्या द्यायच्या होत्या आणि दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बाबा खिडकीशी उभे होते. नर्स पट्टी बदलायला आली, की आत जाऊन ती काय करते ते नीट बघत होते. हात कसे धुते, कापूस कुठून कुठे फिरवते, पट्टी किती पदरी बांधते. एकदा त्यांनी तिला विचारलंही, पाणी कोणतं वापरता म्हणून. तिनं सलाइनची बाटली दाखवली. बाबांनी ती हातात घेऊन वाचली आणि परत दिली.

सुट्टी झाल्यावर आत्याला त्यांनी अनसिंगला आणलं. अर्चनावहिनीवर शेताचं काम होतं आणि पट्टी रोज बदलायची होती. ऊन तापायला लागलं होतं. मी एका दुपारी गेले, तेव्हा ओसरीत पट्टीचं काम चाललं होतं. साबणानं हात धुऊन बाबा स्टुलावर बसले होते. आत्या बाजेवर, पाय त्यांच्या मांडीवरच्या स्वच्छ टॉवेलवर. ती नेहमीसारखी बोलत होती, गावातलं, जावेचं, गव्हाचं. बोलता बोलता तिनं विचारलं, "दादा, ते तू आनेल औषध बिघडलं होतं का रे? सांगतलंच नाही तू."

बाबा कापूस फिरवत राहिले.

"पानी चांगलं होतं. पाय चांगला नव्हता."

आत्या हसली. त्यांनी पट्टीचं टोक धरलं आणि गुंडाळायला सुरुवात केली. मी दाराशी होते. मला वाटलं, विषय संपला. मग बाबा खाली मान घालूनच म्हणाले, "तुह्या वहिनीचाबी नव्हता. रोज वास येत होता मले. मले वाटे, हळदीचा असन."

आत्यानं हात पुढे केला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. बाबांनी शेवटचा पदर ओढून गाठ मारली.

"घट्ट झालं का?"

"नाही," आत्या म्हणाली. "बराबर झालं."